चोविसावं चित्र

बीदरला चौबाऱ्याच्या बुरुजामागच्या गल्लीत सिद्धलिंगप्पांचं बाइंडिंगचं दुकान आहे. दुकान आपलं सवयीनं म्हणायचं. एक ओटा, वर पत्रा, आणि पत्र्याखाली सत्तरी ओलांडलेला एक किडकिडीत माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, मांडीवर कुणाचं तरी फाटकं पुस्तक. पूर्वी खरोखरीचं दुकान होतं, शटर होतं, हाताखाली दोन माणसं होती. ते कसं गेलं हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्यात माझा हात आहे. पण ते सगळं पहिल्याच परिच्छेदात कबूल करायला मी काही संत नाही.

मी तानाजी. औराद तालुक्यातल्या चिंताकीचा, रोज बसने जाऊन बीदरला एका शाळेत इतिहास शिकवतो. मी संशयी आहे असं लोक म्हणतात. कोण कोण म्हणतं, तेही मला माहीत आहे. दूधवाल्याने माप ओतताना खांदा किती वाकवला ते मी बघतो. मुलं वर्गात हसली की आधी माझ्या सदऱ्याची पाठ तपासतो. आमचं पहिलं मूल माझ्या बायकोच्या, विजयश्रीच्या, पोटातच गेलं, तेव्हा शेजारच्या भागाबाईशी मी पुरी दोन वर्षं बोललो नाही, कारण तिने महिनाभर आधी घरी पपई पाठवली होती. विजयश्रीने पपई खाल्लीच नव्हती, हे मला नंतर कळलं. तरीही आणखी सहा महिने मी बोललो नाही. पाठवली तर होती ना!

असा मी, आणि माझ्या वडिलांचं एक पुस्तक.

वडील राघोबा सरकारी कचेरीत शिपाई होते. एका जुन्या जहागीरदाराच्या बंगल्यातलं सामान हर्राशीत, म्हणजे लिलावात, निघालं, तेव्हा त्यांनी एक पत्र्याची पेटी घेतली. पेटीच्या तळाशी हे पुस्तक होतं. तांबड्या कापडाचं, वर सोनेरी ढाल, सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनला छापलेलं. प्राचीन ग्रीकांचा इतिहास आणि त्यांच्या लढाया. वडिलांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. कचेरीतल्या एका मौलवींनी त्यांना सांगितलं, "ये यूनानी लोगां की लडाइयां हैं." वडिलांनी गावात तसंच सांगितलं, आणि पुढचे दोन महिने लोक गुडघेदुखीवर औषध विचारायला घरी यायचे, कारण युनानी म्हटलं की आमच्याकडे दवाखानाच आठवतो.

पुस्तकात चोवीस चित्रं. पुढच्या पानावर त्यांची यादीच आहे, क्रमांकासकट. प्रत्येक चित्रावर पातळ झिरझिरीत कागद, तो उचलला की खाली लढाई. वल्ह्यांच्या तीन रांगांची जहाजं. भाल्यांची भिंत करून उभे राहिलेले शिपाई. डोंगर आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत मूठभर माणसांनी अडवून धरलेली अफाट फौज. वडील म्हणायचे, "ही तर आपली खिंडच की रं. हितं नुसते टोप येगळे हायती." दर रविवारी हात धुऊन, धोतराला पुसून ते पुस्तक उघडत. मी शेजारी. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. पुढे मी इतिहासाचा मास्तर झालो तो विद्यापीठामुळे नाही, या रविवारांमुळे.

सतरावं चित्र त्यांचं लाडकं होतं. त्यात लढाई नव्हती. घराच्या दारात एक तरुण उभा आहे, हातात तलवार, निघायच्या बेतात. समोर त्याचा म्हातारा बाप, त्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवला आहे. "ह्यो बाप, ह्यो लेक," वडील म्हणायचे, आणि बोट त्या हातावर बराच वेळ ठेवायचे. बोट टेकून टेकून तिथला कागद गुळगुळीत झाला होता.

वडील दोन हजार चारला गेले. दोन हजार सहाला माझं लग्न झालं. पाहुणे पांगल्यावर पुस्तक काढलं तर त्याची पाठ सुटलेली. मी ते तसंच फडक्यात बांधून सिद्धलिंगप्पांकडे नेलं. वडील कचेरीची रजिस्टरं त्यांच्याकडेच शिवायला आणत, म्हणून ओळख जुनी.

त्यांची एक रीत आहे. पुस्तक घेताना गिऱ्हाइकासमोर पानं मोजायची, देताना पुन्हा मोजायची. लोक कंटाळतात, हे ऐकत नाहीत. मला म्हणाले, "तानाजी, बस. मोजूया."

"अप्पा, बस जायलीय. तुमीच मोजा."

मी मोजलं नाही. ही एक चूक माझी. पुढे कित्येक वर्षं मी हा भाग कुणाला सांगितला नाही.

आठ दिवसांनी आई चष्म्यासाठी बीदरला गेली, तिला म्हटलं, येताना पुस्तकाचं बघून ये. ती संध्याकाळी रिकाम्या हाताने आली. "आजून येळ लागंल म्हणालेत," एवढंच म्हणाली आणि न जेवता निजली. नवा चष्मा डोळ्यांना लागत असेल असं मला वाटलं. पुढच्या आठवड्यात मी स्वतः गेलो. पुस्तक देखणं झालं होतं, नवी पाठ, नवे दोरे. अप्पा म्हणाले, "मोज." मी मोजली. चित्रं तेवीस.

पुन्हा मोजली. तेवीस. सतरावं नव्हतं.

"अप्पा, एक चित्र कमी हाय."

"आलं तवाच तेवीस व्हते," अप्पा म्हणाले. आणि त्यांनी मान खाली घातली.

मान खाली घातली! खरं बोलणारा माणूस डोळ्याला डोळा देतो, हे मी वर्गात शिकवतो. मी तिथे काही बोललो नाही. घरी येऊन मात्र आकाशपाताळ एक केलं. आई म्हणाली, "गेलं आसंल कुठं तरी. एका चित्रापायी माणसावर आळ घालू नको." माझी आई सत्यभामाबाई भोळी, असं मी धरून चाललो. भोळ्या माणसांचं काय, त्यांना सगळं जग भोळंच दिसतं.

मी अप्पांना कुठेही चोर म्हटलं नाही, हे इथे नोंदवतो. आमच्या शाळेच्या वाचनालयाची पुस्तकं त्यांच्याकडे जायची, तेव्हा मी मुख्याध्यापकांना फक्त म्हणालो, "पानं मोजून घ्या बरं का." दुसऱ्या शाळेतल्या मित्राला म्हणालो, "मोजून घे." एका वकिलाला म्हणालो. एवढंच. तीन वर्षांत शाळांची कामं थांबली. मग शटर गेलं, माणसं गेली, ओटा उरला. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर त्या वेळी नाही. पाप फुटतंच, असं वाटलं.

आणि मी पाळत ठेवली. महिन्यातून एकदा तरी काही निमित्त काढून ओट्यावर जाऊन बसायचो, डोळ्यांत तेल घालून. भिंतीवर कोणती चौकट आली, कपाटात काय दडलंय. हैदराबादला गेलो की जुन्या वस्तूंच्या दुकानांतून ते चित्र शोधायचो. अप्पा सुईत दोरा ओवता ओवता चहा मागवायचे आणि दर वेळी एकच विचारायचे, "अक्का कशी हायती?" मी मनात म्हणायचो, याला माझ्या आईची एवढी कळकळ का? खाई त्याला खवखवे.

आईचं तर आणखी वेगळं. दर संक्रांतीच्या आधी ती पाच शेर तुरीची डाळ फडक्यात बांधून माझ्या हाती द्यायची. "अप्पाला नेऊन दे." मी चिडायचो. ज्याने आपल्या घरचं चित्र नेलं त्यालाच आपल्या शेतातली डाळ! ती ऐकून घ्यायची, आणि पुन्हा म्हणायची, "नेऊन दे." आई गेली त्याला सहा वर्षं झाली. बाराव्याला अप्पा आले होते, बसने, एकटे. मांडवाच्या कडेला बसून उपरण्यात तोंड घालून रडले. मी लांबून बघत होतो. परक्या बाईसाठी इतकं रडतो म्हणजे मनात काहीतरी असलंच पाहिजे, असा मी हिशेब केला. असं काहीतरी होतंच. फक्त माझा हिशेब चुकला होता.

यंदा स्नेहल, माझी मुलगी, पीयूसीला, म्हणजे अकरावीला, गेली. तिने इतिहास घेतला आणि एका रविवारी हौसेनं आजोबांचं पुस्तक उघडलं. पाठ पुन्हा सुटली, पानांचा एक गठ्ठा तिच्या मांडीवर आला. मी बीदर पालथं घातलं. आता सगळीकडे मशीन, गोंद आणि स्पायरल. एका दुकानदाराने तर या पुस्तकाला चार भोकं पाडून देऊ का विचारलं. दोऱ्याने शिवणारा माणूस एकच उरला होता. नाइलाज झाला. पण या वेळी शाळेला रजा टाकली आणि ठरवलं, पुस्तक त्यांच्या हातात आणि माझे डोळे त्यांच्या हातावर.

अप्पांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. ते उघडायला थोडा उशीर लावला, तोही मी टिपला.

"आज कामून बसून राहायलास? शाळा न्हाई?"

"रजा हाय. बघतो काम."

"बग," ते म्हणाले आणि हसले.

आधी आम्ही मोजलं. पानं, मग चित्रं. तेवीस. मग त्यांनी पाठीवरचा जुना कापडाचा पट्टा ओल्या फडक्याने भिजवून सोलून काढला, पात्याने जुने दोरे कापले, आणि एकेक गठ्ठा उकलत बाजूला ठेवू लागले. माणूस काम करताना अवाक्षर बोलत नाही. हात आता थोडे कापतात, पण सुई टोचायच्या क्षणी थांबतात. हे मला अठरा वर्षांत कधी दिसलं नव्हतं. मी कपाटं बघत होतो ना.

सोळा गेलं. पुढचा गठ्ठा उकलला आणि त्यांनी अंगठा शिवणीवर ठेवला. ठेवला तो उचलेनात.

"अप्पा, अंगठा काढा."

"काय न्हाई तिथं."

"काढा म्हणतो!"

त्यांनी काढला. शिवणीत जाड कागदाची एक चिंचोळी पट्टी अडकलेली होती, बोटभर रुंद, वरपासून खालपर्यंत. सतराव्या चित्राचं मूळ. सापडलास, असं माझ्या मनात मोठ्यांदा झालं. मी ती उजेडात धरली. आणि तिथेच घोटाळा झाला. पट्टीची कड वाकडीतिकडी होती, हाताने फाडलेली. बाइंडर चोरी करील तर पात्याने सरळ रेघ मारील, हे शाळकरी पोरालाही कळतं. शिवाय कडेवर दोन पिवळे डाग होते, बोटांच्या पेरांएवढे.

"खळ पिवळी पडली आसंल," अप्पा घाईनं म्हणाले.

माझ्यावर कुणी असं उत्तर फेकावं आणि मी ते गिळावं? त्यांच्या पिठाच्या खळीत मोरचूद असतो, कीड लागू नये म्हणून. ती जुनी झाली की हिरवट होते. पिवळी होत नाही. समोर वाडगं होतंच. माझ्या खिशात तंबाखूचा बटवा असतो. शाळेतल्या मुलांना त्याचा संशय आहे, पुरावा नाही. बटव्यातली चुन्याची डबी काढली, ओल्या करंगळीवर टिपूसभर चुना घेतला आणि एका डागाच्या टोकाला लावला.

डाग लाल झाला. कुंकवासारखा लाल. हळदीवर चुना पडला की काय होतं, हे आमच्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही.

"ही हळद हाय," मी म्हणालो. "अप्पा, ही हळद कुठून आली?"

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.

"तुज्या लग्नाची हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मी ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण त्यात माझा शब्द घालायचा मला हक्क नाही.

"तुमचं देवक तलवारीचं. तुजा बाप न्हाई, म्हणून देवकाला चुलता आन चुलती बसले. अक्का रांडमुंड, तिला मांडवात कोण येऊ देतंय? ती सैपाकघराच्या दारात हुबी. आत सैपाकाची हळद वाटायली व्हती, हात तसेच भरलेले. तिला राघोबाची याद आली. ते चित्र दावून त्यो म्हणायचा म्हणं, 'तानाजीच्या लग्नात मी आसाच हात ठेवीन.' तिनं पेटी उघडली, ते चित्र फाडलं, बारीक घडी घातली, आन देवकाच्या तांबड्या फडक्यात, सुपारी-तांदळाच्या खाली सरकवलं. कुणाला दिसलं न्हाई. देवक उठलं तवा समदं मांजरा नदीत सोडलं, चित्र बी गेलं. अक्का मला म्हणाली, 'अप्पा, माणूस न्हाई तर न्हाई, त्येचा हात तरी मांडवात असूंदे.' त्या दिवशी, चष्म्याला आलती तवा. मीच इचारलं व्हतं, हळद बघून. ह्याच पायरीवर बसली व्हती."

मी पायरीकडे बघितलं. अठरा वर्षं मी त्याच पायरीवर बसत आलो होतो.

"मग मला कामून सांगितलं न्हाई तिनं? मी काय खाल्लं असतं तिला?"

सुईत दोरा नव्हता तरी अप्पा ती बोटांत फिरवत राहिले.

"तुजा सुभाव तिला ठाव व्हता, तानाजी. रांडमुंड बाईचा हात देवकाला लागला. उद्या घरात काय वाईट घडलं, तर तू तिच्यावरच बोट ठेवशील, ह्येच्यासाठी भ्याली. मला आण घातली, लेकाला सांगू नका. मी व्हय म्हणालो. आन साल भरायच्या आत विजयश्रीचं तसं झालं."

मला म्हणायचं होतं, मी असं बोललो नसतो, मी शिकलेला आहे, इतिहास शिकवतो. पण मला ती पपई आठवली. न खाल्लेली पपई. एका पपईसाठी ज्याने शेजारणीला दोन वर्षं जाळलं, त्याने देवकाला हात लावणाऱ्या आईचं काय केलं असतं? म्हणालो असतो मी. नक्की म्हणालो असतो. आणि ती त्यानंतर दहा-बारा वर्षं त्याच घरात, माझ्याच समोर, खाली मान घालून जगली असती.

मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"तुमचं दुकान गेलं," मी म्हणालो. "माज्यामुळं गेलं."

"ठाव हाय. अक्काला बी ठाव व्हतं. दोनदा आलती, लेकाला सांगूनच टाकते म्हणाली. मीच नको म्हणालो. तुजा संशय कुठं तरी बसणारच व्हता. तिच्यावर बसला आसता तर ती मेली आसती. माज्यावर बसला, मी जगलोच की." ते पुन्हा हसले. "डाळ बी भेटायची दर साली."

"आणि ती गेल्यावर? सहा वर्षं झाली, अप्पा! तवा तरी सांगायचं."

"तू इचारलंस कवा?" ते म्हणाले. त्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "अठरा साल तू येऊन बसलास, बघत राहिलास. चित्र कुठं गेलं म्हणून एक डाव बी मला इचारलं न्हाईस. इचारणाऱ्याला मी खोटं सांगत न्हाई."

मी खरंच विचारलं नव्हतं. त्या पहिल्या दिवशीही, एक चित्र कमी आहे, एवढंच सांगितलं होतं.

त्यांनी चष्मा घातला, दोरा ओवला. मग ती हळदीची पट्टी बोटाने उचलून विचारलं, "ही काढून टाकू? मागच्या टायमाला मला धीर झाला न्हाई, शिवणीत आत दाबून टाकली व्हती, कुणाला दिसू नये म्हणून. देवकाची हळद ती. पर शिवण बेढब व्हती हिच्यामुळं. तू सांग."

"ठेवा," मी म्हणालो. आणि मग मी रडलो, भर गल्लीत, समोरच्या पंक्चरवाल्याच्या देखत.

पुस्तक तीन दिवस दाबाच्या शिकंज्यात होतं. मधल्या काळात मी दोन कामं केली. मुख्याध्यापकांकडे गेलो, मित्राकडे गेलो, वकिलाकडे गेलो, आणि ज्या तोंडाने 'मोजून घ्या' म्हणालो होतो त्याच तोंडाने चूक माझी होती म्हणून सांगितलं. तिघांनीही माझ्याकडे संशयानं बघितलं. दुसरं, भागाबाईकडे जाऊन पाणी मागून प्यालो. ती म्हणाली, "काय रं, बरं न्हाई व्हय तुला?"

चौथ्या दिवशी स्नेहलला घेऊन ओट्यावर गेलो. पाठ भक्कम झाली होती, सोनेरी ढाल पुसून लख्ख. मी पुस्तक घेऊन सरळ फडक्यात बांधायला लागलो.

"आँ? मोज आदी," अप्पा म्हणाले.

"राहू द्या, अप्पा. आता काय मोजायचं?"

"धंद्याची रीत हाय. मोजल्याबिगर माज्या हातनं पुस्तक जात न्हाई."

मग मी पायरीवर बसलो आणि पातळ कागद एकेक उचलत मोजायला लागलो. स्नेहल खांद्यावरून बघत होती. जहाजं झाली, भाल्यांची भिंत झाली, खिंड झाली, सोळा झाली. पुढच्या पानाशी ती बोटभर पट्टी आली, या वेळी उघडी ठेवलेली, एका टोकाला लाल झालेली. मी तिच्यावर बोट ठेवलं, वडील ठेवायचे तसं, आणि म्हणालो, "सतरा."

अप्पांनी वर बघितलं. मी पुढे मोजत गेलो.

"किती भरले?" त्यांनी विचारलं.

"चोवीस," मी म्हणालो. "पुरे हायती."